ग्रहणवेध आणि लेसरवेध
(तप्त वायूच्या मापनाचा साधनविचार)

१. विषयप्रवेश

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत सूर्याच्या उष्णतेचा आणि लेसर नांवाच्या प्रकाशयंत्राचा विषय आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु येथें ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो पदार्थविज्ञानाचा जितका आहे तितकाच आपल्या शास्त्राचाही आहे. जी वस्तु हातीं लागत नाहीं व जिच्याजवळ जातां येत नाहीं, तिच्याविषयीं कोणी एखादा आंकडा सांगितला, तर तो कोणत्या प्रमाणावर मानावा, हा तो प्रश्न होय.

तळ्याजवळ कुडा येथील लेण्यांत महाभोजाचा लेखक शिवभूति याचा दानलेख कोरलेला आहे. तो वाचावयाचा तर ओला कागद शिळेवर दाबून ठसा घेतां येतो. शिळा जागची हालत नाहीं आणि ठशानें अक्षर बिघडत नाहीं. पण ज्या वायूची उष्णता एक कोटी अंशांच्या घरांत गेली आहे, त्याचा ठसा कोण घेणार? त्यांत धातूची सळई घातली तर सळई वितळते, आणि ती वितळण्यापूर्वींच वायु निवूं लागतो. म्हणजे मापकही नष्ट आणि माप्यही भ्रष्ट. अशा वायूस प्लाझ्मा म्हणतात. अति उष्णतेमुळें त्यांतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. हायड्रोजनच्या ड्यूटेरियम व ट्रिटियम या जड जाती अशा अवस्थेंत एकमेकांवर आदळून मिळाल्या म्हणजे हेलियम उत्पन्न होतो आणि मोठी शक्ति बाहेर पडते. ती शक्ति हस्तगत करण्यासाठीं जीं यंत्रें बांधतात, त्यांपैकीं मुख्य तें टोकामॅक होय: कांकणाच्या आकाराचें एक पोकळ पात्र, ज्यांत प्लाझ्मा चुंबकाच्या जोरावर भिंतींपासून दूर धरून ठेवितात. त्याची उष्णता आणि घनता मोजण्याचें विश्वसनीय साधन म्हणजे लेसरचा किरण. ज्योतिषांतील आपला जुना शब्द योजून या रीतीस प्रस्तुत लेखांत 'लेसरवेध' असें म्हटलें आहे.

या लेसरवेधाचें मूळ शोधूं लागलें असतां आपण कोंकणच्या किनाऱ्यावर, विजयदुर्गास, येऊन पोंचतों. तेथें मात्र एक आख्यायिका वाटेंत आडवी येते. प्रथम तिचाच विचार केला पाहिजे.

२. विजयदुर्गची आख्यायिका

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून कांहीं चौथरे दाखवितात. इ. स. १८६८ च्या ऑगस्ट महिन्याच्या १८ व्या तारखेस खग्रास सूर्यग्रहण झालें, त्या वेळीं नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदानें याच ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या व सूर्यावरील हेलियम वायु शोधून काढला, असें सांगतात. पुस्तकांतून व वर्तमानपत्रांतून हें वारंवार छापलें गेलें आहे, आणि त्या तारखेस किल्ल्यावर हेलियमचा दिवसही साजरा होतो. हा झाला पूर्वपक्ष.

आतां समकालीन साधनें काय सांगतात तें पाहूं. श्रावण वद्य अमावास्या, शके १७९०, मंगळवार, या दिवशीं ग्रहणाची छाया दक्षिण हिंदुस्थानावरून गेली. तिच्या मार्गावर जे वेधकर्ते बसले होते त्यांचीं ठाणीं नोंदलेलीं आहेत. फ्रेंच पंडित पिएर जान्सेन गुंटूर येथें होता. मेजर टेनंट यांची मंडळीही गुंटुरासच होती. मद्रासच्या वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणास होता. कॅप्टन हेग विजापुरास होता. आणि विल्यम हर्शेल या प्रख्यात ज्योतिषाचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल हा पटवर्धनांच्या जमखिंडीस होता. लॉकियर या यादींत नाहीं. तो त्या दिवशीं हिंदुस्थानांतच नव्हता. लंडनास युद्धखात्याच्या कचेरींत तो कारकुनी करीत असे आणि मोकळ्या वेळांत ज्योतिषाचा व्यासंग करी. नवीन वर्णपटदर्शक हातीं आल्यावर ग्रहणाच्या साहाय्यावांचून, २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, इंग्लंडांतूनच त्यानें सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. जान्सेन यास हीच युक्ति गुंटुरास ग्रहणाच्या दिवशीं सुचली होती व दुसऱ्याच दिवशीं त्यानें ती सिद्ध केली होती. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विद्वत्परिषदेपुढें २६ ऑक्टोबर १८६८ या एकाच दिवशीं आलीं. म्हणून फ्रान्सनें पुढें दोघांचीही मुद्रा एकाच पदकावर कोरविली.

ज्वालांच्या वर्णपटांत जी पिवळी रेषा दिसली ती पुष्कळांस सोडियमची वाटली. सोडियमच्या दोन रेषा ५८९० व ५८९६ अँगस्ट्रॉमवर असतात. ही नवी रेषा ५८७६ च्या जागीं होती. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) हें चौदा अंगुलांचेंही नव्हे, तर चौदा अँगस्ट्रॉमांचें अंतर ओळखल्यानें नवीन मूलद्रव्याची कल्पना पुढें आली. हेलियम हें नांव ग्रीक भाषेंतील सूर्यवाचक शब्दावरून दिलें गेलें. पृथ्वीवर तो वायु रॅम्झे यानें इ. स. १८९५ मध्यें एका खनिजांतून काढून दाखविला.

तेव्हां १८६८ चा मान मराठी राजवटीखालच्या एखाद्या स्थळास द्यावयाचाच असेल, तर तो जमखिंडीचा आहे. ढगांनीं मधून मधून झांकलेल्या आकाशांतून हर्शेल यानें तेथें ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. विजयदुर्गाचा त्या दिवसाशीं जोडलेला संबंध बखरीच्या कोटींतला आहे, अस्सल कागदाच्या नव्हे.

३. विजयदुर्गाचें खरें ग्रहण

म्हणून विजयदुर्गाची सर्व कथा टाकाऊ समजावी काय? मुळींच नाहीं. बखरींत पुष्कळदा घडते तशी येथें सालाची गफलत झाली आहे. व्यक्ति खरी, स्थळ खरें, ग्रहणही खरें, पण साल दुसरें. पौष वद्य अमावास्या, शके १८१९, शनिवार, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजीं पुन्हां खग्रास ग्रहण लागलें. त्या वेळीं लॉकियर खरोखरच विजयदुर्गास उतरला होता आणि 'मेल्पोमिनी' या इंग्रज युद्धनौकेवरील खलाशी त्याच्या हाताखालीं उपकरणें चालवीत होते. त्याच ग्रहणासाठीं पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला हे जेऊर येथें गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेल हाही जेऊरासच होता. न्यूऑल पुलगांवास होता. ग्रास पुरता असण्याचा काळ जेमतेम दोन मिनिटें. ओट्यांचा संबंध लॉकियरशीं लावावयाचा तर तो याच सालाशीं लावला पाहिजे. हेलियम त्यापूर्वीं तीन वर्षें पृथ्वीवर सांपडून चुकला होता.

१८९८ मध्यें मिळालेला ठेवा निराळा, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें हेलियमहूनही मोलाचा आहे. खग्रासाच्या वेळीं सूर्याभोंवतीं जें फिकट प्रभामंडळ दिसतें, त्याच्या वर्णपटांत एक हिरवी रेषा आहे. ती प्रथम इ. स. १८६९ च्या ग्रहणांत अमेरिकेंत दिसली व ५३१७ अँगस्ट्रॉमच्या जागीं आहे असें धरलें गेलें होतें. हिंदुस्थानांत १८९८ मध्यें घेतलेल्या छायाचित्रांच्या मोजणीवरून तिची खरी जागा ५३०३ ठरली. येथेंही फरक चौदांचाच! पृथ्वीवरील कोणत्याही द्रव्याशीं ती रेषा जुळेना, तेव्हां पंडितांनीं 'कोरोनियम' नांवाचें एक द्रव्य कल्पिलें. पुढें चाळीसांहून अधिक वर्षें ती रेषा अज्ञात लिपींतील अक्षराप्रमाणें डोळ्यांसमोर असून अवाचित राहिली. शेवटीं जर्मनीचा ग्रोट्रियन आणि स्वीडनचा एडलेन यांनीं इ. स. १९४० च्या सुमारास ती वाचली. तें नवीन द्रव्य नव्हतें. साधें लोखंडच होतें, पण आपल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकीं १३ गमावलेलें. लोखंडाची अशी दशा होण्यास दहा-वीस लाख अंशांची उष्णता लागते. अक्षराचें स्थान १८९८ मध्यें अचूक ठरलें नसतें, तर त्याचा अर्थ लावण्याचा मार्गच बंद राहिला असता. पाठ शुद्ध असल्यावांचून अर्थ लागत नाहीं, हें पोथ्या शोधणारांस सांगावयास नको.

प्रभामंडळाची आणखी एक साक्ष आहे. त्याचा बराचसा पांढरा प्रकाश त्याचा स्वतःचा नसतो. सूर्यबिंबाचाच प्रकाश मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर पडून सर्व दिशांस उधळला जातो. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत ज्या बारीक काळ्या रेषा असतात, त्या या उधळलेल्या प्रकाशांत पुसून गेलेल्या आढळतात. कारण इलेक्ट्रॉन अतिशय वेगानें इतस्ततः धांवत असतात, आणि धांवत्या कणावरून परतलेल्या प्रकाशाचा रंग किंचित् बदलतो. सामोऱ्या येणाऱ्या कणापासून तो निळ्याकडे झुकतो, दूर जाणाऱ्यापासून तांबड्याकडे. लक्षावधि रंगबदल एकत्र झाले म्हणजे रेषा विस्कटते. ती किती विस्कटली यावरून इलेक्ट्रॉनांचा वेग, आणि वेगावरून उष्णता, असें अनुमान होतें. धुरावरून अग्नि ओळखण्याचा नैयायिकांचा दृष्टांत येथें एक पायरी पुढें गेला; अग्नि आहे एवढेंच नव्हे, तर तो किती प्रखर आहे हेंही कळलें.

४. लेसरवेधाची रीत

आतां सूर्याच्या जागीं लेसर आणि प्रभामंडळाच्या जागीं टोकामॅकांतील प्लाझ्मा कल्पावा, म्हणजे लेसरवेध समजला. मोकळ्या इलेक्ट्रॉनानें प्रकाश उधळण्याच्या या क्रियेस इंग्रज शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांचें नांव आहे. तत्त्व जुनें होतें. अडचण होती ती दिव्याची. इलेक्ट्रॉन प्रकाश उधळतो तो इतका थोडा कीं, टोकामॅकांत आढळणाऱ्या घनतेच्या प्लाझ्मांतून एक मीटर वाट चालतांना प्रकाशाच्या सुमारें दीडशें कोटी कणांपैकीं एकच कण वाटेवरून ढळतो. साध्या दिव्यानें हें काम होणें नव्हतें. इ. स. १९६० मध्यें अमेरिकेंत मेमन यानें माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर सिद्ध केला. त्याचा प्रकाश एकाच शुद्ध तांबड्या रंगाचा, ६९४३ अँगस्ट्रॉमचा; एकाच दिशेनें जाणारा; आणि क्षणार्धांत सर्व शक्ति ओतणारा. अशा एका दहा ज्यूल शक्तीच्या झोतांत प्रकाशकणांची संख्या पस्तीसांवर अठरा शून्यें इतकी भरते. त्यामुळें एका सेंटिमीटर जागेंतून उधळून बाजूच्या खिडकींत शिरणारे कण लाख-दोन लाख तरी निघतात, आणि तेवढे मोजतां येतात.

किरण प्लाझ्मांतून सरळ पाठवितात व त्याच्याशीं काटकोनांत बसविलेल्या भिंगांतून उधळलेला प्रकाश गोळा करितात. एक कोटी अंशांच्या प्लाझ्मांत इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदास सतरा हजार किलोमीटरांच्या आसपास असतो. त्यामुळें सुईच्या टोंकासारखी अरुंद असलेली लेसरची रेषा दोहों बाजूंस पांचशेंहून अधिक अँगस्ट्रॉम पसरते आणि घंटेच्या आकाराची होते. घंटेची रुंदी उष्णता सांगते. तिच्यांत एकंदर सांठलेला प्रकाश इलेक्ट्रॉनांची घनता सांगतो. घनतेचा आंकडा ठरविण्यापूर्वीं पात्रांत ठराविक दाबाचा साधा वायु भरून त्यावर किरण सोडितात व भिंगें आणि मापकें पारखून घेतात. पात्राच्या भिंतींवरून परावृत्त होणारा भटका प्रकाश हा या वेधाचा मोठा शत्रु. ज्यास शोधावयाचें त्या प्रकाशाहून तो अनेक पटींनीं बलवान असतो, म्हणून काळ्या पडद्यांनीं व गाळण्यांनीं त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

शितावरून भाताची परीक्षा हा न्याय मात्र येथें पुरत नाहीं. प्लाझ्मा मध्यभागीं अति तप्त आणि कडेस पुष्कळ थंड असतो; म्हणून एका बिंदूवरचें माप सर्वांस लागू करितां येत नाहीं. यास्तव पुढें किरणाच्या वाटेवरील अनेक बिंदूंकडे एकाच वेळीं पाहण्याची व्यवस्था झाली. इंग्लंडांतील 'जेट' या टोकामॅकांत तर लेसरचा अत्यंत आंखूड झोत पाठवून, मागें परतलेल्या प्रकाशास किती वेळ लागला यावरून तो कोणत्या जागेहून आला हें ठरविलें गेलें. दुसऱ्या एका प्रकारच्या लेसरवेधांत एक किरण प्लाझ्मांतून व त्याचाच जोडीदार बाहेरून नेऊन दोन्ही पुन्हां एकत्र आणितात. त्यांच्या लहरींत जें मागेंपुढें पडतें त्यावरून वाटेंतील इलेक्ट्रॉनांची बेरीज निघते. दोन्ही वेध एकमेकांस ताडून पाहतां येतात, हा त्यांतील मोठा गुण.

५. मॉस्कोचा वाद व त्याचा निर्णय

लेसरवेधाची खरी कसोटी इ. स. १९६९ मध्यें लागली. मॉस्कोच्या कुर्चातॉव्ह संस्थेंतील आर्त्सिमोविच यांच्या मंडळीनें 'टी-३' नांवाचा टोकामॅक चालविला होता. ऑगस्ट १९६८ मध्यें नोव्होसिबिर्स्क येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं आपल्या यंत्रांत इलेक्ट्रॉनांची उष्णता सुमारें एक कोटी अंशांवर गेल्याचें जाहीर केलें. इतर देशांतील यंत्रें तेव्हां फार मागें होतीं. म्हणून पुष्कळांनीं शंका घेतली. शंका हट्टाची नव्हती. रशियनांनीं उष्णता प्रत्यक्ष मोजली नव्हती. प्लाझ्माच्या चुंबकीय परिणामावरून एकंदर शक्ति काढून तीवरून अनुमान केलें होतें. थोडेच इलेक्ट्रॉन अतोनात वेगानें पळत सुटले आणि बाकीचे थंड राहिले, तरी तसाच परिणाम दिसूं शकेल, असा आक्षेप होता. नैयायिक ज्यास सव्यभिचार हेतु म्हणतात तो हाच.

यावर आर्त्सिमोविच यांनीं जें केलें तें कोणत्याही संशोधकानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यांनीं वाद वाढविला नाहीं. इंग्लंडांतील कल्हॅम प्रयोगशाळेचे प्रमुख पीझ यांस आपलींच उपकरणें घेऊन यावें व मोजून पाहावें असें निमंत्रण दिलें. दोन राष्ट्रांतील वैमनस्याचे ते दिवस होते. पीकॉक, रॉबिन्सन, फॉरेस्ट व विल्कॉक हे इंग्रज सुमारें पांच टन सामान घेऊन मॉस्कोस गेले. सान्निकॉव्ह हे रशियन त्यांच्या जोडीस होते. माणकाच्या लेसरचा किरण टी-३ मधून गेला, आणि उधळलेल्या प्रकाशाची घंटा अपेक्षेप्रमाणें रुंद भरली. पळपुट्या थोड्या कणांनीं तसा आकार येत नाहीं; तो सर्व समुदाय तापला असेल तरच येतो. रशियनांचें म्हणणें खरें ठरलें. निर्णय १ नोव्हेंबर १९६९ च्या 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध झाला. तें पत्र ४ नोव्हेंबर १८६९ रोजीं ज्यानें सुरू केलें, तो पहिला संपादक आपला विजयदुर्गचा लॉकियरच होय. शंभर वर्षांस तीन दिवस कमी होते.

परिणाम तत्काळ झाला. अमेरिकेंतील प्रिन्स्टनच्या मंडळीनें आपलें जुनें यंत्र पालटून त्याचा टोकामॅक केला, आणि इतर देशही त्याच वाटेस लागले. एका आंकड्यावर परक्या व निरपेक्ष साक्षीदाराची मोहोर उमटतांच जगाची दिशा बदलली.

६. हिंदुस्थानांतील लेसरवेध

या शक्तीविषयींची आशा जाहीरपणें प्रथम बोलून दाखविणारांत मुंबईचे होमी भाभा होते. ऑगस्ट १९५५ मध्यें जिनीव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून, ती वीस वर्षांत ताब्यांत येईल, असें भाकित त्यांनीं केलें. मुदत केव्हांच उलटली. भाकित अद्याप फळास आलेलें नाहीं. परंतु तयारी थांबली नाहीं. गांधीनगराजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेंत इ. स. १९८९ मध्यें भारतांत घडविलेला टोकामॅक चालूं झाला. त्याचें नांव 'आदित्य'. त्याच्या कांकणाची मोठी त्रिज्या पाऊण मीटर आणि लहान त्रिज्या पाव मीटर. त्यांतील इलेक्ट्रॉनांची उष्णता मोजण्यासाठीं माणकाच्या लेसरचाच उपयोग केला गेला. त्याच संस्थेच्या एसएसटी-१ या दुसऱ्या यंत्रासाठीं निओडिमियम-याग लेसर योजिले. त्यांचा किरण १०६४० अँगस्ट्रॉमचा, डोळ्यांस न दिसणारा, पण सेकंदांत अनेक वेळां सोडतां येणारा. फ्रान्समध्यें बांधल्या जाणाऱ्या 'ईटर' या महायंत्राच्या २००६ सालच्या करारांत भारत सात भागीदारांपैकीं एक आहे.

आणखी एक आदित्य आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं आकाशांत सोडलेल्या 'आदित्य-एल १' या यानावर प्रभामंडळ पाहणारें उपकरण आहे, आणि तें ज्या रेषा टिपण्यासाठीं बनविलें त्यांत ५३०३ अँगस्ट्रॉमची हिरवी रेषा आहे. १८९८ च्या पौष अमावास्येस दोन मिनिटांत जिची जागा पक्की करावी लागली, तीच ही रेषा. एक आदित्य पात्रांत, दुसरा अंतराळांत. दोहोंची परीक्षा प्रकाशाच्याच साक्षीनें होते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ठरतात. पहिली, १८६८ च्या हेलियमशोधाशीं विजयदुर्गाचा संबंध नाहीं. लॉकियर तेथें आला तो १८९८ मध्यें. दुसरी, १८९८ च्या वेधांचें महत्त्व त्यामुळें कमी होत नाहीं. प्रभामंडळाची उष्णता ज्या रेषेच्या वाचनानें कळली तिचें शुद्ध स्थान त्या ग्रहणांत निश्चित झालें. तिसरी, दूरच्या व अस्पृश्य वस्तूविषयींचा आंकडा एका साधनावर मान्य होत नाहीं. दुसऱ्या निरपेक्ष साधनानें तो पडताळावा लागतो. टी-३ च्या मंडळीनें ही परीक्षा स्वतः मागून घेतली, म्हणून त्यांचें म्हणणें टिकलें. विजयदुर्गच्या आख्यायिकेस ती कधींच दिली गेली नाहीं, म्हणून ती पडते.

१८९८ हेंच तें वर्ष, ज्या वर्षीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड वांई येथें छापून अस्सल पत्रांचा पक्ष मांडला. त्या पक्षाच्या अनुयायांनीं तरी किल्ल्यावर चुकीचें साल चालूं देऊं नये. तेथें जो फलक असेल त्यावर '२२ जानेवारी १८९८' ही तारीख व 'प्रभामंडळाचा वेध' हे शब्द असावेत. त्यानें किल्ल्याचा मान वाढेल, उणा होणार नाहीं. तसेंच ज्यांच्या संग्रहीं देवगड, रत्नागिरी किंवा जमखिंडीकडील त्या काळचीं दप्तरें, रोजनिशा, जमाखर्च वा पंचांगांच्या कोऱ्या पानांवरील टांचणें आहेत, त्यांनीं वर दिलेल्या दोन अमावास्यांच्या तिथिवारांशीं तीं ताडून पाहावीं. पौष वद्य अमावास्या, शके १८१९, शनिवार, या मितीच्या आगेंमागें साहेबाच्या तंबूचा, मजुरीचा किंवा होड्यांच्या भाड्याचा एखादा मोडी कागद निघाला, तर तो जपून ठेवावा व प्रसिद्ध करावा. आणि लॉकियरचें नांव घालून श्रावण शके १७९० ची मिति असलेला कागद कोणी पुढें केला, तर त्याचा बनाव तेवढ्यावरूनच ओळखावा.

तळा, जि. रायगड